नकाशावरचे सेनापती: अंदमानच्या बेटांमधून शिडाच्या बोटीने



गेल्या दोन भागांत आपण १८५८ च्या उन्हाळ्यातली झाशी, काल्पी आणि ग्वाल्हेरची मोहीम पाहिली. त्यावर इंदूर, बडोदा, हैदराबाद, दिल्ली अशा ठिकठिकाणच्या श्रोत्यांचे प्रश्न आले. एक प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला: सत्तावनच्या खुणा आज कुठे पाहायला मिळतात? लखनौची रेसिडेन्सी, कानपूर, झाशीचा किल्ला, दिल्लीचा काश्मिरी दरवाजा ही उत्तरं तुम्हाला माहीत आहेतच. आज मी तुम्हाला अशा ठिकाणी नेणार आहे, जिथे सत्तावनची एकही लढाई झाली नाही. तरीही त्या युद्धातले इंग्रजांचे बहुतेक मोठे सेनापती तिथे शेजारी-शेजारी उभे आहेत. हे ठिकाण समुद्रात आहे. पोर्ट ब्लेअरच्या ईशान्येला, अंदमानच्या मुख्य बेटांपासून थोडं पूर्वेकडे, ‘रिचीज आर्किपेलॅगो’ म्हणजे रिचीचा द्वीपसमूह.

यंदाच्या फेब्रुवारीत आम्ही सहा जण तिथे पाच दिवस शिडाच्या बोटीतून फिरलो. मी, माझी पत्नी, मुलगा, सून, अकरा वर्षांची नात आणि सात वर्षांचा नातू. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मुलाने हा बेत आखला होता. त्याच्या दृष्टीने ही निव्वळ सुट्टी होती: निळं पाणी, मासे, प्रवाळ, मोबाइलला रेंज नाही. माझ्या दृष्टीनेही सुट्टीच होती, पण जन्मभर नकाशे वाचत नोकरी केलेल्या माणसाला नकाशा दिसला की तो उघडल्याशिवाय राहवत नाही.

चार्टवरची नावं

समुद्राच्या नकाशाला चार्ट म्हणतात. आपल्याकडचे चार्ट नौदलाचा जलसर्वेक्षण विभाग काढतो आणि त्याचं मुख्यालय आहे डेहराडूनला, म्हणजे समुद्रापासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब. आमच्या बोटीच्या टेबलावर असा एक चार्ट पसरलेला होता. नात त्यावर वाकून एकेक नाव मोठ्याने वाचत होती. हॅवलॉक. नील. आउट्रम. हेन्री लॉरेन्स. जॉन लॉरेन्स. निकोल्सन. विल्सन. सर विल्यम पील. इंग्लिस. सर ह्यू रोज. मग तिने विचारलं, "आजोबा, हे सगळे कोण? इथे राहायचे का?"

यांच्यापैकी कुणीही इथे राहिलं नाही. ती सगळी सत्तावनच्या युद्धातली इंग्रज बाजूची नावं आहेत.

रिची हा मात्र त्याआधीचा. जॉन रिची ईस्ट इंडिया कंपनीचा सर्वेक्षक होता. १७७१ मध्ये ‘डिलिजंट’ नावाच्या जहाजातून तो अंदमानच्या किनाऱ्याने गेला. या द्वीपसमूहाच्या पश्चिमेच्या सामुद्रधुनीचं नाव आजही चार्टवर डिलिजंट असंच आहे. पुढे १७८९ मध्ये आर्चिबाल्ड ब्लेअरने पोर्ट ब्लेअरच्या बंदरात पहिली वसाहत केली. ती उत्तरेकडे हलवण्यात आली आणि रोगराईमुळे १७९६ मध्ये गुंडाळावी लागली. त्यानंतर साठ-एक वर्षं कंपनीला या बेटांची फारशी आठवण नव्हती.

आठवण झाली ती सत्तावनमुळे. हजारो बंडवाले शिपाई पकडले गेले होते. किती जणांना फाशी देणार? उत्तर हिंदुस्थानातल्या तुरुंगांत इतकी माणसं मावणार नव्हती, आणि मावली असती तरी इंग्रजांना ती तिथे नको होती. नोव्हेंबर १८५७ मध्ये, लखनौ अजून पुरतं हातात आलेलं नसताना, डॉक्टर मोअट यांच्या नेतृत्वाखाली तीन जणांची समिती अंदमानची पाहणी करायला निघाली. जानेवारी १८५८ मध्ये कॅप्टन हेन्री मॅनने तिथे ब्रिटिश निशाण उभारलं. १० मार्च १८५८ रोजी ‘सेमिरामिस’ जहाजातून दोनशे कैदी उतरले. बरोबर होता डॉक्टर वॉकर, पहिला अधीक्षक.

तारखा जुळवून पाहा. पहिले कैदी इथे उतरले तेव्हा झाशीचा वेढा सुरू व्हायचा होता. तात्या टोपे मोकळे होते, राणी लढत होती. युद्ध चालू असतानाच पराभूतांसाठी तुरुंग तयार होत होता. त्यानंतरच्या काळात आसपासची बेटं नकाशावर नीट उतरली तेव्हा नकाशा करणाऱ्यांनी त्यांना आपल्या ताज्या वीरांची नावं दिली. एकीकडे कैदी जंगल तोडत होते, दुसरीकडे त्यांना हरवणाऱ्यांची नावं क्षितिजावर लिहिली जात होती.

पहिला दिवस: वाऱ्याच्या तोंडावर

फेब्रुवारीत अंदमानात वारा ईशान्येकडून येतो आणि आम्हाला जायचं होतं ईशान्येलाच. शिडाची बोट वाऱ्याच्या थेट तोंडावर चालत नाही. साधारण पंचेचाळीस अंशांचा कोन ठेवून आधी डावीकडे, मग उजवीकडे अशी नागमोडी जावं लागते. फेरी जे अंतर दीड-दोन तासांत कापते, त्याला आम्हाला अख्खा दिवस लागला. नातवाला दर वळणावर शीड फडफडून एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायचं ते फार आवडलं. माझ्या पत्नीला ते अजिबात आवडलं नाही. आल्याचे तुकडे चघळत ती दुपारपर्यंत डोलकाठीच्या बुडाशी बसून होती.

आमचा तांडेल अंदमानातच जन्मलेला. तिथे १९४२ पूर्वीपासून राहणाऱ्या कुटुंबांना ‘प्री-फॉर्टी-टू’ म्हणतात, त्यांच्यापैकी एक. त्याचा खापरपणजा कैदी म्हणून आला होता. कुठल्या गुन्ह्यासाठी? ते घरात कुणाला ठाऊक नाही. बंड, खून, दरोडा, काहीही असेल. त्याची बायको दुसऱ्या धर्माची, आईचे पूर्वज तिसऱ्याच प्रांतातले, घरात बोली हिंदुस्तानी. तो म्हणाला, "साहब, हमारे यहाँ यह कोई पूछता नहीं." शिक्षा म्हणून आणलेल्या माणसांनी तिथे जात-प्रांताच्या पलीकडचा समाज उभा केला, ही त्या वसाहतीची सर्वांत चांगली आणि इंग्रजांनी मुळीच न योजलेली गोष्ट.

त्याला मी पहिल्या वर्षातल्या पलायनांबद्दल विचारलं. ते किस्से तिथे अजून सांगितले जातात. पहिल्या काही महिन्यांत शेकडो कैदी पळाले. अनेकांची समजूत होती की जंगल ओलांडलं की दहा-बारा दिवसांच्या चालीवर ब्रह्मदेश लागतो. तिथून जमिनीने कुठेच जाता येत नाही; कलकत्ता आणि मद्रास दोन्ही समुद्राने बाराशे किलोमीटरच्या आसपास. पकडून आणलेल्यांपैकी ऐंशीहून अधिक जणांना वॉकरने एका दिवसात फासावर चढवलं. दूधनाथ तिवारी नावाचा चौदाव्या पलटणीचा एक शिपाई पळून वर्षभर तिथल्या मूळ रहिवाशांमध्ये राहिला. मे १८५९ मध्ये त्यांनी वसाहतीवर हल्ला करायचं ठरवलं, तेव्हा त्याने पळत येऊन इंग्रजांना खबर दिली आणि माफी मिळवली. ती अ‍ॅबर्डीनची लढाई. बंडवाला शिपाई, त्याला आसरा देणारे आदिवासी आणि इंग्रज, असा तिपेडी पेच. यात नायक कोण, असं नातीने विचारलं. मी म्हटलं, तूच ठरव.

दुपारनंतर उजव्या हाताला एक लहानसं, दाट झाडीचं बेट दिसू लागलं. सर ह्यू रोज.

गेल्या दोन भागांचे श्रोते इथे कान टवकारतील. ह्यू रोज म्हणजे सेंट्रल इंडिया फील्ड फोर्सचा सेनापती. मार्च १८५८ मध्ये झाशीला वेढा घालणारा, १ एप्रिलला बेटवा नदीवर तात्या टोप्यांची कुमक उधळणारा, मग काल्पी, मग कोटा की सराय आणि जूनमध्ये ग्वाल्हेर घेणारा. पुढे हिंदुस्थानचा सरसेनापती झाला. सैनिक म्हणून तो उत्तम होता, हे आपण मागेच मान्य केलं आहे. राणीच्या शौर्याला त्याने स्वतः दाद दिली होती. पण त्याच्या फौजेने झाशी शहरात जी कत्तल आणि लूट केली, तीही आपण पाहिली. विष्णुभट गोडसे वरसईकर तेव्हा झाशीत होते. त्यांचा ‘माझा प्रवास’ वाचलेल्यांना ते दिवस वेगळे सांगायला नकोत.

आज त्या बेटावर माणूस राहत नाही. ते अभयारण्य आहे. आम्ही लांबूनच पाहिलं.

नील म्हणजे निळा नव्हे

संध्याकाळी नील बेटापाशी नांगर टाकला. आता त्याचं अधिकृत नाव शहीद द्वीप. नांगर टाकताना तांडेलाने बराच वेळ जागा शोधली, कारण नांगर वाळूत पडला पाहिजे, प्रवाळावर नाही. साखळी फिरली की वर्षानुवर्षं वाढलेला प्रवाळ एका रात्रीत मोडतो.

नातीची समजूत होती की इथलं पाणी निळं म्हणून नाव नील. असं पुष्कळांना वाटतं, कारण नाव आपल्या कानाला आपलंच लागतं. प्रत्यक्षात ते आहे ब्रिगेडियर जेम्स नील, मद्रास फ्युजिलिअर्स. आडनावातला एक ‘एल’ कालांतराने गळून पडला.

जून १८५७ मध्ये हा माणूस आपली पलटण घेऊन बनारस आणि अलाहाबादला पोहोचला. त्याच्या काळात तिथे रस्त्याकडेच्या झाडांना माणसं लटकवली गेली. त्यात शिपाई किती आणि वाटेत सापडलेले गावकरी किती, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. हे कानपूरच्या हत्याकांडांच्या आधीचं आहे, हा क्रम ध्यानात ठेवा. मग कानपुरात सतीचौरा घाटावर आणि बीबीघरात इंग्रज पुरुष, बायका, मुलं मारली गेली. तो आपल्या बाजूचा काळा डाग आहे आणि नि:शस्त्र बायकामुलांना मारण्याचं समर्थन कुठल्याही गणवेशातला सैनिक करू शकत नाही. जुलैमध्ये नील कानपूरला आला आणि त्याने हुकूम काढला की दोषी ठरलेल्यांनी फाशीपूर्वी बीबीघरातलं रक्त साफ करायचं. शिक्षा द्यायची आणि त्याआधी धर्म बुडवायचा, असा तो विचार होता.

२५ सप्टेंबर १८५७ रोजी लखनौच्या गल्ल्यांत नील मारला गेला. मद्रासच्या माउंट रोडवर त्याचा पुतळा उभा राहिला. १९२७ मध्ये तो हटवण्यासाठी तिथल्या तरुणांनी सत्याग्रह केला, तुरुंगात गेले. १९३७ मध्ये राजाजींचं मंत्रिमंडळ आल्यावर पुतळा रस्त्यावरून काढून संग्रहालयात ठेवला. फोडला नाही, वितळवला नाही. रस्त्यावर त्याचा मान होता, संग्रहालयात तो पुरावा झाला. हे उदाहरण आपल्याला थोड्या वेळाने लागणार आहे.

हॅवलॉक: दोन नावं, तीन इतिहास

तिसऱ्या दिवशी आम्ही हॅवलॉकला, म्हणजे स्वराज द्वीपला होतो. तुमच्यापैकी अनेक जण इथे गेले असतील. राधानगरचा किनारा, गोविंदनगरची जेटी, विजयनगर, कालापत्थर. गावांची नावं श्यामनगर, कृष्णनगर. ती पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी आणली. फाळणीत घर गेलेल्या या कुटुंबांना १९५० च्या दशकापासून इथे जमिनी देऊन वसवलं गेलं. जंगल साफ करून त्यांनी भात, केळी, नारळ, सुपारी लावली. आज ज्या रिसॉर्टमध्ये आपण शहाळं पितो, तिथला नारळ अशाच एखाद्या कुटुंबाने लावलेला असतो.

आता हॅवलॉक. सर हेन्री हॅवलॉक हा नीलपेक्षा वेगळा माणूस. धार्मिक, शिस्तीचा, बढती उशिरा मिळालेला. जुलै १८५७ मध्ये त्याने नानासाहेबांच्या फौजेला हरवून कानपूर घेतलं आणि मग लखनौकडे निघाला. इथे मला चार्टवरची निम्मी नावं एकत्र सांगता येतात. लखनौच्या रेसिडेन्सीत अडकलेल्या इंग्रजांचा प्रमुख सर हेन्री लॉरेन्स ४ जुलैला जखमांनी मेला. त्याच्यानंतर सूत्रं घेतली इंग्लिसने. त्यांना सोडवायला निघाले हॅवलॉक, नील आणि आउट्रम. आउट्रम हुद्द्याने वरचा होता, पण मोहीम हॅवलॉकची, म्हणून त्याने लखनौत पोहोचेपर्यंत नेतृत्व त्याच्याकडेच ठेवलं आणि स्वतः स्वयंसेवक म्हणून लढला. फौजेत काम केलेल्यांना विचारा, हे किती दुर्मीळ आहे. पुढच्या, नोव्हेंबरच्या फौजेबरोबर कॅप्टन विल्यम पील ‘शॅनन’ जहाजाच्या तोफा ओढत आला. त्याच नोव्हेंबरात हॅवलॉक आमांशाने मेला.

उरलेली नावं दिल्लीची. वेढ्याचा सेनापती विल्सन, हल्ल्यात पडलेला निकोल्सन, आणि पंजाबातून माणसं नि तोफा पाठवत राहिलेला जॉन लॉरेन्स, हेन्रीचा धाकटा भाऊ, जो पुढे व्हाइसरॉय झाला. विल्सन माघारीचा विचार करतोय हे ऐकून मरणशय्येवरचा निकोल्सन त्याला गोळी घालण्याची भाषा करत होता. चार्टवर मात्र दोघंही एकाच द्वीपसमूहात गुण्यागोविंदाने नांदतात.

पण हॅवलॉकचा आणखी एक इतिहास आहे. मार्च १९४२ मध्ये जपानी फौजा अंदमानात उतरल्या. डिसेंबर १९४३ च्या अखेरीस नेताजी पोर्ट ब्लेअरला आले, तिरंगा फडकावला. आझाद हिंद सरकारने अंदमानला शहीद आणि निकोबारला स्वराज अशी नावं दिली. २०१८ मध्ये तीच नावं नील आणि हॅवलॉकला मिळाली. हे सगळं पर्यटकांना सांगितलं जातं. सांगितलं जात नाही ते असं की नेताजी आले तेव्हा जपान्यांनी हेरगिरीच्या संशयावरून शेकडो भारतीयांना सेल्युलर जेलमध्ये डांबलं होतं आणि त्यांचा छळ चालू होता. त्यांत इंडियन इंडिपेंडन्स लीगचे स्थानिक अध्यक्ष डॉक्टर दिवान सिंग होते. नेताजींपर्यंत हे पोहोचू दिलं गेलं नाही. नेताजी परत गेल्यावर दोन आठवड्यांत, १४ जानेवारी १९४४ ला दिवान सिंग मरण पावले. ३० जानेवारीला होम्फ्रेगंजजवळ चव्वेचाळीस जणांना गोळ्या घातल्या.

आणि ऑगस्ट १९४५ मध्ये, जपान शरण येण्याच्या काही दिवस आधी, अन्न पुरेना म्हणून जपान्यांनी पोर्ट ब्लेअरच्या शेकडो नागरिकांना, शेतीसाठी नेतो असं सांगून बोटींत चढवलं. हॅवलॉकच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर त्यांना समुद्रात उतरायला भाग पाडलं. बरेच बुडाले. जे निर्जन बेटावर पोहोचले ते उपासमारीने मेले. वाचले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

हे मी मुलांना राधानगरच्या किनाऱ्यावर सांगितलं नाही. सुनेने डोळ्यांनी खूण केली होती आणि ती बरोबर होती. सात वर्षांच्या मुलाला पोहताना ऐकवायची ही गोष्ट नव्हे. रात्री डेकवर नातू झोपल्यावर नातीला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्यांच्या नावाचं बेट आहे का?"

राणीच्या ताब्यात लॉरेन्स बंधू

हॅवलॉकच्या पूर्वेकडे आणि उत्तरेकडे गर्दी संपते. हेन्री आणि जॉन लॉरेन्स ही दोन लांबट बेटं शेजारी-शेजारी आहेत. कडेने कांदळवन, आत घनदाट जंगल, पाण्यात मगरी. त्यांच्या उत्तरेला आउट्रम. परवानगीशिवाय इथे उतरता येत नाही, आणि उतरायची गरजही नाही. शिडं अर्धी उतरवून हळूहळू कडेने गेलं की पुरे. समुद्री गरुड दिसतात. नातवाने एक समुद्री कासव पाहिलं आणि पुढचे दोन दिवस दुसरं काही बोलला नाही.

खानदेशातल्या श्रोत्यांना आउट्रमचं नाव परकं नाही. १८२५ मध्ये भिल्लांची पलटण, खानदेश भिल्ल कोअर, उभी करणारा तरुण अधिकारी तो हाच. धरणगाव हे तिचं ठाणं.

या भागातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट चार्टच्या एका तुटक रेषेत आहे. १९९६ मध्ये ही तिन्ही बेटं आणि भोवतालचा समुद्र मिळून एक सागरी राष्ट्रीय उद्यान झालं. त्याचं नाव रानी झाँसी मरीन नॅशनल पार्क. दोन्ही लॉरेन्स आणि आउट्रम आज झाशीच्या राणीच्या हद्दीत आहेत. सरकारी फाइलवर सही करणाऱ्याने हे जाणूनबुजून केलं की कसं, ते ठाऊक नाही, पण जुनी नावं पुसली असती तर यातली गंमत कुणालाही कळली नसती.

नावं बदलावीत का?

चौथ्या रात्री यावर आमचा वाद झाला. मुलगा म्हणाला, "बाबा, नावं बदलली ना? स्वराज, शहीद. विषय संपला. आता मुलांना हॅवलॉक-नील कशाला शिकवायचे?"

माझं म्हणणं तुमच्यापुढे ठेवतो. नावं बदलली ते योग्य झालं. अलाहाबादच्या झाडांवर माणसं टांगणाऱ्याच्या नावाने स्वतंत्र भारतातली मुलं शाळेचा पत्ता लिहीत होती, हे लाजिरवाणं होतं. २३ जानेवारी २०२३ ला अंदमानच्या एकवीस निनावी बेटांना परमवीर चक्र विजेत्यांची नावं मिळाली. त्यांतले एक रामा राघोबा राणे. माझ्याच बॉम्बे सॅपर्सचे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे जखमी अवस्थेत काढत त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली. त्यांच्या नावाचं बेट आहे हे ऐकून माझी छाती फुगली, हे लपवत नाही.

पण विषय संपला, हे मला मान्य नाही. सैन्यात आम्ही शत्रूचा नकाशा हाती लागला तर जाळत नाही, वाचतो. तो काय महत्त्वाचं मानतो, कशाचा अभिमान बाळगतो, कशाला घाबरतो, हे त्याच्या नकाशात दिसतं. सत्तावन म्हणजे शिपायांची किरकोळ गडबड होती असं इंग्रज वर्षानुवर्षं सांगत आले. किरकोळ गडबडीतल्या अधिकाऱ्यांच्या नावाने कुणी अख्खा द्वीपसमूह भरत नाही. ही नावं त्यांनीच दिलेली कबुली आहे. सावरकरांनी १८५७ ला स्वातंत्र्यसमर म्हणून ग्रंथ लिहिला आणि १९११ मध्ये त्यांना याच बेटांवर आणलं गेलं. त्यांच्या म्हणण्याचा पुरावा नकाशावर होता.

मद्रासकरांनी नीलचा पुतळा संग्रहालयात ठेवला, तसं या नावांचं करावं. पत्ता स्वराज द्वीपचा असो. पण जेटीवर एक फलक असावा: पूर्वीचं नाव काय, तो माणूस कोण, त्याने काय केलं, आणि १९४५ मध्ये या पाण्यात काय घडलं. मुलगा म्हणाला, सुट्टीवर आलेले लोक असे फलक वाचत नाहीत. सून म्हणाली, दहातला एक वाचतो. वाद तिथेच थांबला.

मात्र नातीचा प्रश्न उरतो. कुणाच्या नावाचं बेट नाही? बुडालेल्यांच्या नावाचं नाही. लखनौकडचे विद्वान फज़ल-ए-हक़ खैराबादी १८६१ मध्ये इथे कैदेत वारले, हैदराबादच्या रेसिडेन्सीवर चालून गेलेले मौलवी अलाउद्दीन इथे आले, आणि ज्यांची नावंही टिकली नाहीत असे हजारो.

आणि त्याही आधीचे. हा द्वीपसमूह निर्मनुष्य नव्हता. ग्रेट अंदमानी लोकांपैकी अकर-बाले जमात इथे राहत होती. त्यांची स्वतःची भाषा होती, होड्या होत्या, या प्रत्येक बेटाला आणि खाडीला त्यांचं नाव असणार. वसाहतीबरोबर गोवर आणि इतर रोग आले. गेल्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत अकर-बाले संपले. ग्रेट अंदमानींच्या सगळ्या जमाती मिळून १९६१ च्या जनगणनेत एकोणीस माणसं उरली होती. कैद्यांना डांबणारे इंग्रज, त्यांच्याविरुद्ध लढलेले आपले शिपाई, नंतर आलेले आपण सगळे, त्यांच्या दृष्टीने बाहेरचेच. हॅवलॉक पुसून स्वराज लिहिता येतं. त्याखालचं नाव सांगणारं आता कुणी नाही.

जाणार असाल तर

डिसेंबर ते मार्च हा काळ चांगला. पोर्ट ब्लेअरचं नाव सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम आहे. शिडाची बोट परवडली नाही तरी फेरीने शहीद आणि स्वराज दोन्ही होतात. जाताना वारा तोंडावर असतो, तेव्हा आलं किंवा गोळी जवळ ठेवा. येताना वारा पाठीशी असतो, आमची बोट पाचव्या दिवशी एकदाही न वळता घरी आली. शिंपला, प्रवाळ काही उचलू नका, कायद्याने बंदी आहे. उद्यानाच्या बेटांवर उतरायचं तर वनविभागाची परवानगी आधी काढा. सेल्युलर जेल सगळे पाहतात. वेळ काढून होम्फ्रेगंजच्या स्मारकालाही जा.

आणि मुलं बरोबर असतील तर त्यांना दोन्ही नावं सांगा. वय पाहून, वेळ पाहून, पण सांगा. त्यांनी "हा कोण होता?" असं विचारलं की आपलं काम सुरू होतं.

पुढच्या भागात आपण फेब्रुवारी १८७२ मध्ये याच बंदरात झालेली व्हाइसरॉय लॉर्ड मेयोची हत्या आणि शेर अली आफ्रिदी हा विषय घेणार आहोत. तोपर्यंत तुमचे प्रश्न पाठवत राहा.

जय हिंद.